गच्चीची किल्ली

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो, रागावू नका. तुम्ही राहता त्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते? सेक्रेटरीकडे, मालकाकडे, की 'असेल कोणाकडे तरी'? सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय हे आपल्याला पाठ असतं. शेजाऱ्याच्या पोराला किती टक्के पडले तेही ठाऊक असतं. पण वेळ आलीच तर आपण घरातून कुठल्या वाटेने बाहेर पडणार, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

पनवेलजवळ करंजाड्याच्या लगतच्या एका जुन्या गावात मात्र या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. 'गावदेवी कृपा' या चार मजली घराच्या गच्चीची किल्ली कान्हाशेठ घरत यांच्या खिशात असायची. झोपताना ती उशीखाली जाते, असं त्यांचा मुलगा तेजस थट्टेने सांगायचा आणि ते फारसं खोटं नव्हतं.

कान्हाशेठ म्हणजे गावातली बडी असामी. वडिलांची भातशेती शहर वसवायला गेली, गावठाणातली घराची जागा तेवढी हाती राहिली. त्या जागेवर कान्हाशेठनी घर वर चढवत नेलं. पहिला मजला गरजेपोटी, कारण कुटुंब वाढलं होतं. दुसराही गरजेपोटीच म्हणू. तिसरा आणि चौथा मात्र भाड्यापोटी होते, हे गावदेवीसुद्धा कबूल करील. परवानगी? ती गावात कोणीच घेतलेली नव्हती. आणि मागायला गेलं असतं तर मिळालीही नसती, हेही तितकंच खरं! घरं एकमेकांना इतकी खेटलेली, की या खिडकीतून त्या खिडकीत चुना-तंबाखू देता यावी.

एका संध्याकाळी गावकी देवळाच्या मंडपात जमली होती. नियोजन कार्यालयातून प्राची नावाची तरुण अभियंता आली होती. लहान जागेवरच्या, चार-सहा कुटुंबांच्या छोट्या इमारतींसाठी नवी नियमावली व्हायची होती. तिच्या मसुद्यावर गावाचं काय म्हणणं आहे, ते ऐकायला ती आली होती.

"जुने नियम मोठ्या सोसायट्यांच्या मापाचे आहेत," प्राची म्हणाली. "तुमच्या जागेत चारी बाजूंनी तेवढं अंतर सोडलं तर मधे तुळशीवृंदावनापुरती जागा उरेल, हे आम्हालाही कळतं. म्हणून ती अट आता सैल करतोय. चार मजल्यांपर्यंत एकच जिना चालेल. पण जिना एकच असेल तर तो जपायला हवा. त्याच्याखाली मीटर नको, सामान नको. गच्चीच्या दाराला कुलूप नको, आणि शेजारच्या गच्चीवर जायला वाट हवी. खालून धूर आला तर माणसं वरून सुटली पाहिजेत."

शेजारच्या गच्चीवर वाट! हे ऐकताच सगळ्यांच्या माना कान्हाशेठकडे वळल्या. कारण त्यांच्या शेजारची गच्ची त्यांच्या चुलत भावाची, आप्पा घरतांची होती, आणि दोघा भावांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं.

भांडण झालं होतं पालखीवरून. चैत्रात गावदेवीची पालखी दारोदार फिरते. ती आपल्या दारात थाटात टेकावी म्हणून कान्हाशेठनी गल्लीत पुढे येणारा संगमरवरी ओटा बांधला. आप्पा म्हणाले, "कान्हा, गल्ली आवलली तू. उद्या कोनाला दवाखान्यान न्यायचं झालं तर गाडी कशी येवाची?" कान्हाशेठना वाटलं, पालखीचा मान आपल्या दारात आला तो आप्पाच्या डोळ्यांत खुपतोय. त्यांनी रागाच्या भरात वेल्डरला बोलावलं. दोन गच्च्यांमधून तेजस आणि आप्पांची पोरं पतंग घेऊन पळायची, ती वाट लोखंडी पत्रा लावून बंद करून टाकली. पत्र्यापाठोपाठ जिन्याच्या वरच्या दाराला आतून कुलूप आलं. भाडेकरू वर कुरडया घालतात आणि त्याने गच्ची गळते, असं कारण सांगितलं गेलं. कुरडयांनी गच्ची गळल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही, पण मालकाला विचारणार कोण?

तर प्राचीचं बोलणं संपलं आणि कान्हाशेठ उठले. बोलण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

"म्याडम, तुमी कितव्या माल्यावर रहाता?"

"सातव्या."

"मंग तुमच्या सोसायटीची गच्ची उघडी असते?"

"नसते. पण असायला हवी."

मंडपात हशा पिकला. कान्हाशेठना आणखी चेव चढला. "आदी तुमची गच्ची उघडा, मंग आमच्या गावान या! आमची शेती घेतली, मिठागरं घेतली, आता जिना पन घ्या! आमच्या घरान कुलूप कुठं लावाचं ते आमी ठरवू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरीचा चेहरा उतरला, पण ती चिडली नाही. "पुढच्या आठवड्यात परत येते," एवढंच म्हणाली. "तुमच्या हरकती तेव्हा सांगा."

टाळ्या न वाजवणारं मंडपात एकच माणूस होतं. ती कान्हाशेठची पुतळाआत्या. सत्तरी ओलांडलेली, सडसडीत, आवाज मात्र अजून खणखणीत. आत्या गावची धवलारीण होती, लग्नविधीची गाणी म्हणजे धवले गाणारी. तिने धवले गायल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. तेजसचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून ती भाच्याच्या घरीच मुक्कामाला होती. घरी आल्यावर हळदीचे तांदूळ निवडता निवडता तिने विषय काढला.

"कान्हा, त्या पोरीला हसलास ते बरं नाय केलंस."

"अगो आत्या, तुला काय कलतंय त्यातलं? नियम हान ते."

"नियम मना नाय कलत. घर कलतंय." आत्याने सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या बापाचं घर कुडाचं होतं. त्याला पुढचं दार होतं, आन मागचं पन होतं. पुढचं दार पावन्यासाठी, मागचं आपल्या जीवासाठी. तू आईच्या पोटान होतास तवा चुलीची ठिनगी छपरान गेली. पुढनं सगला जाल. तुझी आई तुला पोटान घेवून मागच्या दारानं भायेर पडली. म्हनून तू हाय. म्हनून हे तुझे चार माले हान!"

कान्हाशेठनी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली होती. शंभरदा ऐकलेली गोष्ट माणूस ऐकायचं सोडून देतो.

"आन उद्या मांडव घालशील," आत्या पुढे म्हणाली, "त्याला वाटा किती ठेवशील?"

"दोन. एक पावन्यांची, एक जेवनाची."

"एका रातीच्या मांडवाला दोन वाटा! आन बाराही म्हयने मानसं रहातान त्या घराला एक? तिला पन वरनं कुलूप!"

कान्हाशेठनी आवाज चढवला. "आत्या, तू धवले गा. बांधकामाचं मी बघतो!"

आत्याने सूप पुन्हा ओढलं आणि ती तांदूळ निवडू लागली.

हळदीचा दिवस उजाडला. आगरी माणसाची हळद म्हणजे काय असते ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव, डीजेच्या भिंती, मटणाचे टोप. गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला बोलावणं गेलं होतं, फक्त आप्पांचा उंबरा सोडून.

सकाळी वेणूबाई खाली आली. वेणूबाई आणि तिचा नवरा कृष्णात हे चौथ्या मजल्यावरचे भाडेकरू, मूळचे साताऱ्याकडचे. कृष्णात कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचा. त्यांची लेक मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

"शेठ, गच्चीची किल्ली मिळंल का वं?" वेणूबाईने पदर सावरत विचारलं. "पोरीला डाक्टरीनबाईनं चालायला सांगितलंय. खाली मांडवात गर्दी हाय. वर चार फेऱ्या मारंल आन येईल. मी सोता किल्ली आनून देते."

"आज नको, वेणूबाई. दार उघडं दिसलं का पावने वर चढतान, बाटल्या फोडतान. हलद होव दे, मंग बघू."

"बरं," म्हणून वेणूबाई मुकाट्याने जिना चढून गेली. तिच्या 'बरं'मध्ये तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता.

दुपारी पाहुण्यांसाठी भाड्याच्या गाद्या आल्या. त्या जिन्याखाली रचल्या गेल्या, मीटरच्या पेटीला अगदी टेकून. मांडवाच्या दिव्यांची आणि डीजेची वायर त्याच पेटीतून ओढलेली. इलेक्ट्रिशियन डोकं खाजवत म्हणाला, "शेठ, लोड जास्ती होतोय. आणि इथे गाद्या..."

"एका रातीचा तर प्रश्न हाय!" कान्हाशेठ म्हणाले आणि रेशमी कुर्ता घालायला गेले. किल्ली त्यांनी जुन्या सदऱ्यातून काढून नव्या कुर्त्याच्या खिशात टाकली.

दिवेलागण झाली. सगळं घर, सगळे भाडेकरू खाली मांडवात. वर फक्त वेणूबाई आणि मोनाली. तेजसला पाटावर बसवलं, पुतळाआत्याने पहिला धवला उचलला आणि तो संपताच डीजेने मांडव डोक्यावर घेतला. कान्हाशेठ गालाला हळद माखून नाचत होते.

आणि एकाएकी दिवे गेले. डीजे बंद पडला. क्षणभर सगळीकडे शांतता पसरली, आणि त्या शांततेत वरून आवाज आला, "आग! आग लागलीय वं! कुनीतरी या!"

तो आवाज किती वेळ येत होता कोण जाणे. गाण्याच्या दणदणाटात कोणाला ऐकू येणार?

लोक जिन्याकडे धावले. मीटरची पेटी फुटली होती आणि गाद्यांनी पेट घेतला होता. गाद्यांची ज्वाळा फार नव्हती, पण धूर! काळा, चिकट, घशात जाऊन बसणारा धूर. धुराड्यातून जावा तसा तो जिन्यातून सरळ वर चालला होता. तेजस हळदीच्या अंगाने धावला, पोरांनी शेजारच्या बांधकामाची रेती घमेल्यांनी फेकायला सुरुवात केली, कोणी खांबावरची वीज बंद करायला पळालं, कोणी अग्निशमनाला फोन लावला. बंब आला, पण मांडव आणि तो संगमरवरी ओटा यांच्यामधून गल्लीत शिरू शकला नाही. जवान नळ्या ओढत पळत येत होते.

कान्हाशेठनी खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. ते जिन्यात घुसले, पहिल्या वळणापर्यंत गेले. डोळ्यांपुढे काही दिसेना, छाती आवळली, ढास लागली आणि ते परत फिरले. "शेठ, तुमी नका जाव!" कोणीतरी म्हणालं, आणि कान्हाशेठनी ते ऐकलं. खरं सांगायचं तर, कोणीतरी तसं म्हणावं याचीच ते वाट पाहत होते.

किल्ली खाली आणि कुलूप वर! चार मजल्यांच्या धुरापलीकडे एक गरोदर पोर, आणि तिच्या सुटकेची किल्ली नाचणाऱ्या माणसाच्या खिशात!

वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. धूर घरात शिरल्यावर मायलेकी बाहेर आल्या. खाली जाणं शक्य नव्हतं म्हणून वर गेल्या. दाराला कुलूप. वेणूबाई परत घरात गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि कुलपावर घाव घालू लागली. गावाकडे आयुष्यभर मिरच्या-खोबरं वाटलेले हात होते ते. कोयंडा उखडून कुलूप पडलं, पण तेवढ्यात मोनाली पायरीवर कोसळली होती. वेणूबाईने तिला काखेत धरून ओढत गच्चीवर आणलं. पुढे तो लोखंडी पत्रा उभा होता.

पत्र्याच्या पलीकडे आप्पा घरत होते. ज्याला हळदीचं बोलावणं नव्हतं, तोच तेवढा घरी होता. दिवे गेले, आरडाओरडा झाला, तसे आप्पा घरातली पहार घेऊन आपल्या गच्चीवर धावले होते. त्यांनी पत्र्याच्या जोडात पहार घातली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. आप्पांच्या लेकाने पत्रा हाताने ओढला, त्याचे तळवे फाटले. पत्रा वाकला, एका बाजूने सुटला, आणि त्या फटीतून मोनालीला त्यांनी आपल्या गच्चीवर घेतलं. आप्पांच्या जिन्यातून तिला खाली आणलं, उचलून नेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षात घातलं.

कान्हाशेठ हे सगळं खालून, मान वर करून पाहत होते. गालावरची हळद काजळीने काळी झाली होती.

ते पनवेलच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा मोनालीला आत घेतलं होतं. बाहेरच्या बाकावर कृष्णात बसला होता, कामावरून तसाच आलेला, सदऱ्यावर लोखंडाच्या गंजाचे डाग. कान्हाशेठना वाटलं, हा आता आपली गचांडी धरणार. धरावी, असंच त्यांना वाटत होतं. पण कृष्णात उठून उभा राहिला. बाकावरचा गमछा बाजूला करून म्हणाला, "बसा, शेठ."

कान्हाशेठ बसू शकले नाहीत. तेवढ्यात भिंतीशी टेकून बसलेली वेणूबाई पुढे आली. तिचा आवाज धुराने बसला होता. हात जोडून ती म्हणाली, "शेठ, माफ करा वं. कुलूप तोडलं मी तुमचं. दाराचा कोयंडा बी गेला. नवं कुलूप आनून देतो आमी."

अरे, माफी कोणी मागायची आणि मागत कोण होतं! कान्हाशेठना वाटलं, या क्षणी फरशी दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. आयुष्यात त्यांना शिव्या देणारे भेटले होते, अंगावर धावून येणारे भेटले होते. त्या सगळ्यांना ते पुरून उरले होते. पण या जोडलेल्या हातांना काय उत्तर द्यायचं? मुठीत अजून किल्ली होती. घामाने आणि हळदीने ती चिकट झाली होती. सकाळी या बाईने हीच किल्ली मागितली होती, चार फेऱ्या मारायला, आणि आपण नाही म्हणालो होतो.

"वेणूबाई," ते कसंबसं म्हणाले, "हात जोडू नका. लाज वाटते मना."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. बातमी आली तेव्हा कान्हाशेठ आप्पांच्या दारात उभे होते. लग्न डीजेशिवाय, वाजतगाजत न जाता लागायचं ठरलं होतं आणि ते बोलावणं करायला आले होते. पण आधी दुसरंच तोंडातून निघालं.

"आप्पा," ते म्हणाले, "तू गाडी कशी येवाची म्हनून इचारलंतं. नाय येत गाडी. तुझं खरं होतं."

आप्पांच्या लेकाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. आप्पांनी भावाकडे पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती, पण ते म्हणाले, "हलद लावायची रहाली ना तेजसला? चल." पट्टी बांधलेल्या हाताने आप्पांच्या लेकाने तेजसला हळद लावली, आणि पुतळाआत्याचा धवला मधेच थांबला, कारण तिला हुंदका आला.

प्राची ठरल्याप्रमाणे आली. देवळाचा मंडप खच्चून भरला होता. आता कान्हाशेठ बोलतील आणि मॅडमची दांडी उडवतील, या आशेने आलेलेही काही होते. कान्हाशेठ उठले. वेणूबाईने तोडलेलं कुलूप आणि त्याची किल्ली त्यांनी प्राचीपुढच्या टेबलावर ठेवली.

"म्याडम, मागच्या टायमाला मी तुमाला हसलो. सगल्या गावासमोर हसलो, म्हनून सगल्या गावासमोर माफी मांगतो. माझी आई मना पोटान घेवून मागच्या दारानं वाचली. आन मी दुसऱ्याच्या लेकीचं मागचं दार बंद करून खाली नाचत होतो. ही माझी हरकत. दुसरी हरकत नाय."

मागून कोणीतरी चाचरत म्हणालं, "शेठ, पन मीटर भायेर काढायचे, वाट सोडायची, म्हंजे खाली एक रूम कमी होईल."

"होव दे!" कान्हाशेठ कडाडले, पण लगेच आवाज खाली आला. "रूम कमी झाली तर पोट नाय मरत आपलं. चौथ्या माल्यावरनं आयलेली हाक मी ऐकलीय. तुमी नका ऐकू." मग ते प्राचीकडे वळले. "पन तुमच्या कार्यालयाला पन सांगा. इतकी वर्सं तुमी आमाला राक्षसाच्या मापाचा सदरा दिला. तो अंगाला बसत नव्हता, म्हनून आमी उघडेच फिरलो. चूक आमची, पन शिवनाऱ्याची पन. आता माप घेवून शिवा. आन शिवल्यावर लवकर द्या, वर्सानुवर्सं टाका घालत बसू नका."

प्राचीने मान खाली घातली. "खरं आहे. आमची चूकही छोटी नाही," ती म्हणाली. "आणि काका, परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीचं कुलूप मी काढायला लावलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मलाही लाज वाटली होती."

तेव्हा पुतळाआत्या बसल्या जागेवरून बोलली. "शेती गेली तवा आपुन वरडलो, आपल्याला कोनी इचारलं नाय म्हनून. आज ही पोर इचारायला आयली. इचारलं तरी वरडायचं, नाय इचारलं तरी वरडायचं, मंग ऐकायचं कवा?"

गावकीत मग बराच वेळ चर्चा झाली. भांडणही झालं, कारण आमच्याकडे भांडणाशिवाय ठराव होत नाही. पण शेवटी गावाने हरकतीऐवजी सूचना दिल्या: गल्लीची रुंदी किती राहावी, पाणी कुठून यावं, कुठल्या गच्च्या एकमेकींना जोडता येतील. नियमावली यथावकाश निघेल, सरकारी कामाला सरकारी वेळ लागतो. कान्हाशेठ मात्र थांबले नाहीत. मीटर जिन्याखालून निघाले, त्यासाठी खालची एक खोली रिकामी झाली. संगमरवरी ओट्यावर पहिला घाव त्यांनी स्वतः घातला, आप्पांच्याच पहारीने.

चैत्रात पालखी आली. दारात टेकायला ओटा नव्हता, भोयांनी ती खांद्यावरच धरली, आणि कान्हाशेठनी गल्लीत उभं राहून ओवाळलं. वर गच्चीच्या कठड्याशी मोनाली लेकीला घेऊन उभी होती. दोन्ही घरच्या बायका त्या मधल्या वाटेने ये-जा करत होत्या.

पालखी पुढे गेली तशी वेणूबाई खाली आली. हातात कुरडयांच्या चिकाचं पातेलं. सवयीने तिने पदर सावरला आणि सवयीनेच विचारलं, "शेठ, गच्चीची किल्ली देता का?"

आणि मग तिची तीच हसली. कान्हाशेठ हसले नाहीत. त्यांची नजर जमिनीकडे गेली. दार उघडं झालं होतं, पत्रा निघाला होता, तरी हळदीच्या सकाळची लाज गेली नव्हती. ती कायम राहणार होती, आणि राहावी अशीच त्यांची इच्छा होती.

"किल्ली नाय, वेणूबाई," ते हळूच म्हणाले. "दार उघडंच हाय. जा वर."

नागरिक बंधुभगिनींनो, नियम आपल्या मापाचे नसतील तर भांडून, बोलून, बसून ते आपल्या मापाचे करून घ्या; तो आपला हक्क आहे. पण नियम चुकीचा आहे एवढ्या सबबीवर माणसाच्या जीवाची वाट अडवू नका, कारण आग लागते तेव्हा ती मालक कोण आणि भाडेकरू कोण हे विचारत नाही. आज घरी गेलात की चार जिने चढून वर जा आणि आपल्या गच्चीचं दार ढकलून बघा. ते उघडलं नाही, तर किल्ली कोणाकडे आहे हे शोधत बसू नका. कुलूपच काढून टाका.